घर घेऊन दिल्लीला: सोलापूर ते सोलापूर, बारा दिवस

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. इथं इतकी वर्षं नुसती वाचत होते, लिहायला घेतलंय आज. नाताळच्या सुट्टीला जोडून लेकीची चार दिवस शाळा बुडवली आणि आम्ही मोटरहोमनं दिल्लीला जाऊन आलो. माणसं पाच: मामा म्हणजे माझे सासरे (वय ७४), आत्या म्हणजे सासूबाई, हे, मी आणि दहा वर्षांची लेक. सहावे ड्रायव्हरदादा, गाडीबरोबर आलेले. आपल्याकडं भाड्याच्या मोटरहोमबरोबर बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर येतोच, आणि आलेलाच बरा.

गाडी पुण्याहून मागवली. बाहेरून बघाल तर लग्नाच्या वऱ्हाडाची टेम्पो ट्रॅव्हलर वाटते. आत मागं आडवा पलंग, मधल्या बाकड्याचा रात्री दुसरा पलंग होतो, एक ओटा, बेसिन, छोटा फ्रिज आणि कपाटाएवढी संडास-बाथरूम. रस्त्यावर ज्यानं त्यानं विचारलं, "ही रुग्णवाहिका हाय का?" बीडच्या पुढं एक चहावाला तर पैसेच घेईना. पेशंट नाही, सहलीला चाललोय, हे त्याला पटवता पटवता चहा गार झाला.

जायचा रस्ता सोपा. सोलापूरहून निघालेला ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग तुळजापूर, धाराशिव, बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा करत थेट जयपूरला नेऊन सोडतो. मामा एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते, सोलापूर विभागात. त्यांना हे कळल्यावर म्हणाले, "म्हणजे आपल्या दारातली गाडी, बदली न करता जयपूर!" मग दर स्टॉपनंतर सगळे चढले का ते मोजायचे आणि ओट्याच्या स्टीलच्या कडेवर चमच्यानं दोनदा टणटण. डबल बेल पडल्याशिवाय ड्रायव्हरदादा गिअर टाकत नसत.

मुक्काम असे: पहिला वेरूळच्या अलीकडं धाब्याच्या आवारात. दुसरा महेश्वर. तिसरा झालावाडला पेट्रोल पंपावर, चौथा दौशाला. पाचव्या दिवशी दुपारी गुरुग्राम. लिहिताना पटकन झालं, बसून जाताना होत नाही. गाडीला ताशी ८० च्या पुढं जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर. दिल्ली–मुंबई एक्सप्रेसवेवर दौशापासून सोहन्यापर्यंत आठ पदरी रस्ता, कारना १२० ची मुभा, आणि आम्ही आपले डाव्या पदरातून वारीला निघाल्यासारखे. लेकीनं ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या मोजायला घेतल्या, चारशेनंतर सोडून दिल्या.

दिल्लीचं आणि परतीचं उद्या लिहिते. परतीचा रस्ता वेगळा होता आणि खरं सांगू, तोच जास्त आवडला.

---

शेंगाचटणी

भारी लिवलाव की ताई! वाचून मजा यायली. कडक भाकरी नेली का नाही, ते आधी सांगा.

---

मुक्काम_पोस्ट

छान सुरुवात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. कन्नडच्या घाटाचं काय केलंत? तिथं जड वाहनांना बंदी आहे ना?

---

होटगीरोडकर

@शेंगाचटणी, नेली की. चाळीस भाकरी, दोन किलो शेंगा चटणी, धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरते. कडक भाकरी हा मोटरहोमसाठीच शोधलेला पदार्थ आहे असं माझं मत झालंय. फ्रिज नको, गॅस नको, आणि ट्रकच्या मागं दोन तास उभं राहिलात तरी तिला काही होत नाही.

@मुक्काम_पोस्ट, बंदी जड वाहनांना, आमची हलक्यात मोडते, त्यामुळं सोडलं. दादांनी सकाळी सातलाच घाट उतरवला. बिजासनीचा घाट मात्र भर दुपारी मिळाला आणि तिथं कपाटाच्या कड्या न लावण्याची शिक्षा झाली. एका वळणावर वरचं कपाट उघडून चटणीचा डबा आत्यांच्या मांडीवर. सेंधव्यापर्यंत गाडीत शेंगा-लसणाचा वास आणि सगळ्यांना शिंका.

---

हिशेबनीस

लेख चांगला आहे, पण खर्च सांगितल्याशिवाय या धाग्याचा उपयोग नाही. मोटरहोमनं स्वस्त पडतं असा एक गैरसमज पसरलाय. आकडे टाका.

---

होटगीरोडकर

टाकते, लपवायचं काय त्यात.

भाडं १२ दिवसांचं, दिवसाला ८,५०० प्रमाणे १,०२,०००. ड्रायव्हरभत्ता ६,०००. डिझेल ३९,००० च्या आसपास, कारण सगळी धाव ३,९०० किमी झाली आणि गाडीनं लिटरला नऊच दिले. यात पुणे–सोलापूर रिकामी धाव जाऊन-येऊन ५०० किमी, तीही आपल्याच माथी. हे आधी विचारून घ्या, आम्ही विचारलं नव्हतं. टोल ९,६००. तो वर्षाचा फास्टॅग पास आहे ना, २०० फेऱ्यांचा, तो फक्त खाजगी कार-जीप-व्हॅनला. भाड्याच्या गाडीला नाही. जेवण, मेट्रो, तिकिटं, किराणा मिळून १९,०००.

एकूण १,७५,६००.

---

हिशेबनीस

म्हणजे माझंच खरं. कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरवरून थेट नवी दिल्लीला जाते. पाच जणांचं थर्ड एसी जाऊन-येऊन, चार रात्री बरं हॉटेल, टॅक्सी, सगळं धरलं तरी याच्या निम्म्यात बसतं. वर चार दिवस वाचतात. पावणेदोन लाखात पत्र्याच्या डब्यात झोपायची हौस, एवढाच याचा अर्थ.

---

शेंगाचटणी

सर, तुमी लग्नात पण ताटामागं किती पडलं तेच इचारत असणार.

---

होटगीरोडकर

@हिशेबनीस, तुमचा हिशेब बरोबर आहे. रेल्वे निम्म्यातच झाली असती. पण मामा रेल्वेत बसले नसते.

मामांना प्रोस्टेटचा त्रास आहे. दर तासा-सव्वा तासाला जावं लागतं, आणि लागलं की थांबता येत नाही. गोळ्या चालू आहेत, ऑपरेशन हृदयाच्या दुखण्यामुळं डॉक्टरांनी पुढं ढकललंय. ज्या माणसानं ३१ वर्षं एसटीच्या मागच्या दारात उभं राहून काढली, तो माणूस गेल्या सहा वर्षांत अक्कलकोटच्या पुढं गेला नव्हता. पुतण्याचं लग्न नाशिकला होतं, तिथंसुद्धा "तुम्ही जाऊन या" म्हणाले. रेल्वेत संडास असतोच, मान्य. पण हलत्या डब्यात गुडघे धरून तिथवर जायचं, आत कोणी असलं तर बाहेर उभं राहायचं, आणि एकदा तसं उभं असताना जे झालं त्यानंतर त्यांनी रेल्वेचं नावच टाकलं. कारनं जायचं तर दर तासाला "गाडी थांबव" म्हणावं लागतं. ते म्हणायची त्यांना लाज वाटते, म्हणून पाणीच प्यायचे नाहीत. त्यापायी एकदा सलाईन लावायची वेळ आली.

तर आम्ही हौसेसाठी घर भाड्यानं घेतलं नाही. आम्ही चार पावलांवर असलेला एक संडास भाड्यानं घेतला, त्याला बाकीची गाडी जोडून आली.

---

हिशेबनीस

मी माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो. माझ्या वडिलांचंही शेवटची तीन वर्षं असंच होतं, आणि आम्हाला कळलं फार उशिरा. ते प्रवासाला निघाले की चहा नको म्हणायचे. मला वाटायचं, पथ्य आहे.

संडासाची व्यवस्था नक्की कशी असते ते सविस्तर लिहाल का? भीड न ठेवता.

---

निशिगंध

+१. हेच कुणी लिहीत नाही. सगळे सूर्यास्ताचे फोटो टाकतात.

---

होटगीरोडकर

कॅसेट टॉयलेट असतं. भांड्याच्या खाली साधारण २० लिटरची बंद पेटी, तिच्यात वास मारायचं औषध टाकायचं. गाडीच्या बाहेरच्या बाजूनं झाकण उघडून पेटी ओढून काढता येते, चाकं लावलेल्या सूटकेससारखी. ती नेऊन संडासात ओतायची, धुवायची, परत बसवायची. पाच माणसांनी वापरली तर दीड दिवसात भरते. म्हणून नियम केला: दिवसा ही फक्त मामांची, बाकीच्यांनी पंपावर आणि धाब्यावर जायचं. रात्री सगळ्यांना मुभा.

ओतायचं काम सगळ्यात अवघड, आणि वास हे त्यातलं कारण नव्हे. परवानगी मागायला तोंड उघडत नाही. पहिल्या दिवशी हे पंपावरच्या पोराशी दहा मिनिटं हवापाण्याच्याच गप्पा मारत बसले. शेवटी दादांनी सरळ सांगितलं, साफ करून देतो, पन्नास रुपये घे. बारा दिवसांत एकानंच नाही म्हटलं. रस्त्याकडेच्या नाल्यात ओतायचा सल्ला देणारेही भेटले. दादा म्हणाले, आमच्या बार्शीच्या माणसानं असलं केलं तर उद्या तोंड कुठं दाखवू.

मामांनी पहिल्या दिवशी पाणी बेतानंच पिलं. दुसऱ्या दिवशी महेश्वरला घाटावर बसून दोन कप चहा घेतला. आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. बोललं कुणीच नाही.

---

चक्रधर_बार्शी

आमच्या गावचा ड्रायव्हर निघाला, छाती फुगली. ताई, वीज किती पुरली? कंपन्या २४ तास एसी म्हणून जाहिरात करतात.

---

होटगीरोडकर

थंडीचे दिवस, एसीची गरज पडली नाही म्हणून वाचलो. बॅटरी २०० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची. यांनी गणित मांडलं: २,४०० वॅट-अवर, त्यातली साध्या बॅटरीतून निम्मीच वापरायची, म्हणजे १,२००. एक टनाचा एसी तासाभरात ती संपवणार. इंडक्शनवर दहा मिनिटांत चहा केला की तीनशे गेलेच. उन्हाळ्यात आपल्या ४२ डिग्रीत ही गाडी घेऊन निघायचं तर रोज रात्री बाहेरून वीज जोडून मिळेल असा मुक्काम हवाच, नाहीतर तो पत्र्याचा तवा आहे.

आणि बॅटरी तरी सांगितली तशी असावी! झालावाडला रात्री दोनला सगळे दिवे गेले. मामा उठलेले, आत अंधार. मालकांना सकाळी फोन केला तर म्हणाले, तुम्ही जास्त वापरली. मग दादांनी खालचं फळकूट काढून दाखवलं, बॅटरीवरची तारीख सहा वर्षांपूर्वीची. तेव्हापासून मामांच्या उशाला टॉर्च. गाडी ताब्यात घेताना बॅटरीची तारीख बघा, पाण्याचा पंप चालवून बघा. आमच्या पंपाची वायर धक्क्यांनी सुटत होती, तीन वेळा दादांनीच जोडली.

थंडीचं म्हणाल तर सोलापुरी चादरीचा अभिमान बाळगून माणशी दोन-दोन नेल्या होत्या. दौशाला पहाटे तो अभिमान गळाला. सकाळी बाजारात पहिली खरेदी रजयांची. शिवाय पाच जणांच्या श्वासानं छताला पाण्याचे थेंब धरतात आणि पहाटे टपटप तोंडावर पडतात. वरची झडप बोटभर उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी.

---

चक्रधर_बार्शी

अगदी. आणि कुणी शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नये. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा ना वास येतो ना जाग.

स्वतः चालवायची इच्छा असलेल्यांसाठी: ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ते पक्कं केलं. पण लायसन्स असणं वेगळं आणि बिजासनीचा घाट उतरवणं वेगळं.

---

होटगीरोडकर

आता दिल्ली. थोडक्यातच लिहिते, कारण दिल्लीवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

गाडी दिल्लीत नेलीच नाही. माझ्या मावसभावाची गुरुग्रामला सोसायटी आहे, तिथं उघड्या पार्किंगात उभी केली. वॉचमननं उंची बघून आधी नाहीच म्हटलं होतं. वरची एसीची पेटी धरून गाडी तीन मीटरच्या घरात जाते, आणि दिल्लीत कुठल्या पुलाखाली काय उंची आहे हे शोधत बसायची आमची तयारी नव्हती. थंडीत प्रदूषण वाढलं की जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी येते ते वेगळंच. आमची बीएस-सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांतली होती, तरी कागद दाखवत फिरायची हौस कुणाला?

गुरुग्रामहून मेट्रोची यलो लाइन. कुतुबमिनार, केंद्रीय सचिवालय, राजीव चौक, चांदणी चौक, सगळं एकाच लाइनवर. स्टेशनला लिफ्ट, आणि मामांसाठी महत्त्वाचं म्हणजे बऱ्याच स्टेशनांवर स्वच्छतागृह. लेकीनं नकाशावर त्यांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. आजोबांची सेक्रेटरी.

मामांना दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक तालकटोरा. १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावानं दिल्लीवर धडक मारली तेव्हा मराठ्यांची छावणी तिथं होती, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वं मराठी साहित्य संमेलन तिथल्याच स्टेडियममध्ये झालं. बाहेर उभं राहून म्हणाले, "घोड्यावरनं किती दिवस लागले असतील रे? आणि थांबायला कुणाची परवानगी लागली नसेल." आम्हाला हसावं की नाही कळेना. तेच हसले.

दुसरं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. मामा नॅरोगेजच्या गाड्यांपाशी जास्त रमले. लहानपणी ते बार्शी लाइटनं कुर्डुवाडीहून लातूरला आजोळी जायचे. चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून पळत पळत पुढच्या डब्यात चढायची. "तिला संडास नव्हता," म्हणाले, "पण उतरता यायचं."

आत्यांसाठी जयपूर हाऊसचं आधुनिक कलेचं संग्रहालय. त्या पंढरपूरच्या. हुसेन यांचं चित्र बघून शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितलं, "हमारे गाँव के हैं." चित्र कळलं का विचारलं तर म्हणाल्या, गावचा माणूस आहे, कळायला कशाला पाहिजे.

---

पहाडगंजी

दिल्लीत तीस वर्षं काढलेला मराठी माणूस म्हणून सांगतो, गाडी बाहेर ठेवलीत हे शहाणपण. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात जेवलात की नाही? ३१ डिसेंबरला रात्री राजीव चौकात अडकला नाहीत ना? त्या रात्री तिथून बाहेर पडायचे दरवाजे बंद करतात.

---

होटगीरोडकर

जेवलो. झुणका-भाकरी बघून लेक म्हणाली, एवढ्या लांब हेच खायला आलो का? ३१ ला संध्याकाळी सातलाच गुरुग्राममध्ये होतो. बारा वाजता फटाके वाजले तेव्हा घरातले चौघं झोपलेले आणि मी कॅसेट किती भरली ते बघत होते. नववर्षाचं स्वागत.

आता परतीचं.

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेदहाला. धुकं असं की सोसायटीचं फाटक दिसेना. दादांनी स्पष्ट सांगितलं, गाडी हलणार नाही. हे चिडले, दिवस वाया चालला म्हणून. मामा म्हणाले, "ड्रायव्हर नाही म्हणला की कंडक्टरनं बेल मारायची नाही. हा नियम आहे." विषय संपला. मग मानेसरहून केएमपी (कुंडली–मानेसर–पलवल) एक्सप्रेसवेनं पलवल, म्हणजे दिल्लीला वळसा, आणि तिथून मथुरा, आग्रा. ताजमहाल बघितला नाही. लेक अजून बोलत नाहीये.

धौलपूर सोडलं की चंबळ. पुलावरून दोन्ही बाजूंना मातीच्या घळी, उन्हात तपकिरी, मैलच्या मैल. ग्वाल्हेरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी झाशी, ललितपूर, सागर. सागरच्या अलीकडं चहाला थांबलो तर टपरीशेजारचे एक वृद्ध गृहस्थ आमचं बोलणं ऐकून मराठीत बोलायला लागले. कुठली मराठी ती! आपल्या आजीच्या आजीची असावी अशी, मध्ये बुंदेली हेल. गोविंदपंत बुंदेल्यांच्या, म्हणजे पेशव्यांच्या तिकडच्या सरदाराच्या काळात पूर्वज आले ते राहिले. सोलापूर कुठं हे त्यांना माहीत नव्हतं, पंढरपूर माहीत होतं. आत्यांनी लगेच घरून आणलेला बुक्का त्यांना दिला. आम्ही दिल्लीत चार दिवस काढले, पण आत्या आल्यागेल्याला सांगतात ती हीच टपरी.

पुढं बरमानला नर्मदा. जाताना खलघाटला ओलांडली होती, येताना ही. आत्यांनी दोन्हीकडं नाणं टाकलं आणि अर्धी परिक्रमा झाली असं जाहीर केलं. मुक्काम लखनादौनला. सिवनी ते नागपूर रस्ता पेंचच्या जंगलातून उंचावरून नेलाय, खालून जनावरांना जायला वाट, कडेला आवाज अडवायच्या भिंती. वाघ दिसावा म्हणून लेक खिडकीला चिकटून, आणि भिंतीमुळं काहीच दिसेना. तिला म्हटलं, वाघालाही तू दिसत नाहीस, त्यासाठीच आहे ते.

नागपूरहून ३६१ नंबरचा रस्ता वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर करत तुळजापूरला येतो. सरळ, मोकळा. शेवटची रात्र यवतमाळच्या पुढं. माहूरचा फाटा गेला तेव्हा आत्यांनी गाडीतूनच हात जोडले.

जाताना तुळजापूर बायपासनंच सोडलं होतं, येताना नक्की थांबू म्हणून. शेवटच्या दिवशी अंधार पडायला तिथं पोचलो. पायऱ्या उतरायच्या, दर्शनाची रांग किती वेळ चालेल सांगता येईना. हे म्हणाले, आपण जाऊन येऊ, मामा गाडीत बसतील. मामा काही बोलले नाहीत. गाडीतल्या बाथरूमला जाऊन आले, टोपी घातली आणि खाली उतरून उभे राहिले. रांगेत एक तास दहा मिनिटं गेली. मी घड्याळच बघत होते. पायऱ्या चढून वर आल्यावर मात्र घाई झाली. हे हात धरून त्यांना गाडीपर्यंत घेऊन आले, दादांनी दार उघडूनच ठेवलं होतं.

मग आतून टणटण आलं. सोलापूर ४५ किलोमीटर.

---

हिशेबनीस

वाचलं. अनामत परत मिळाली का?

---

होटगीरोडकर

तीन हजार कापले. खिडकीची जाळी फाटली म्हणे. ती आधीच फाटलेली होती, पण ताब्यात घेतानाचे फोटो आम्ही काढले नव्हते. तुम्ही काढा. यांचं भांडण चालू आहे.

---

शेंगाचटणी

आपल्या गड्ड्याच्या जत्रेला गाडी आणली असती तर लोकांनी तिकीट काढून बघितली असती.

---

निशिगंध

माझ्या सासूबाईंना असाच त्रास आहे, त्यांना गाणगापूरला न्यायचंय. दोनच दिवसांसाठी अशी गाडी देतात का? त्या ड्रायव्हरदादांचा नंबर मिळेल?

---

होटगीरोडकर

दोन दिवसांसाठी देतात, पण रिकामी धाव अंगावर पडते, ते आधी बोलून घ्या. गाणगापूर एवढं जवळ आहे तर नुसती कॅसेट विकत घेऊन घरच्या मोठ्या गाडीत पडदा लावून बसवता येते का तेही बघा. मामांच्या डोक्यात सध्या तेच चाललंय, काल टेप घेऊन भाऊजींच्या गाडीची डिकी मोजत होते.

दादांना विचारून तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते.